बंद बाटली आणि आजाऱ्याची आशा

जुन्या मराठी वृत्तपत्रांची बांधीव फाईल हाती आली, की जाणते वाचक आधी अग्रलेख काढून वाचतात. माझी सवय थोडी निराळी आहे. मी आधी जाहिरातींचे पान उघडतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची माणसे कोणता विचार करीत होती, हे अग्रलेखात सापडते. पण त्यांना कशाचे भय वाटत होते, कोणत्या दुखण्याने ती रात्ररात्र जागत होती, हे जाहिरातींच्या पानावर कळते. त्या पानावर हिवतापाचे मिश्रण असते, अशक्त मुलांसाठी पौष्टिक सरबत असते, तरुणांच्या तथाकथित गुप्त दुर्बलतेवर गोळ्या असतात. आणि डोकेदुखीपासून मूळव्याधीपर्यंत सगळे विकार एकाच डबीने बरे होतील, असे आश्वासनही असते. खाली किंमत, टपालखर्च निराळा, आणि ‘व्ही. पी.ने मागवा’ ही सूचना.

आज ते पान वाचताना हसू येते. परंतु थोडे थांबून पाहिले, तर ते हसू मावळते. त्या प्रत्येक जाहिरातीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आजारी होते. कोणाचे तरी मूल तापाने फणफणत होते. कोणीतरी पायलीभर दाणे विकून आलेले पैसे पोस्टमनच्या हातावर ठेवीत होते. त्या व्यवहारात देणाऱ्याने नेमके काय विकले आणि घेणाऱ्याला नेमके काय मिळाले, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहेच. पण त्याहून अधिक तो नीतीचा आहे. आजाऱ्याची आशा ही विकण्याची वस्तू आहे काय? या प्रश्नाचा विचार वाचकांबरोबर करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या धंद्याचा भरभराटीचा काळ म्हणजे इंग्लंडातील राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द, १८३७ ते १९०१. राणी गादीवर आली त्याच वर्षी टॉमस हॉलोवे यांनी लंडनमध्ये आपले मलम विक्रीस काढले आणि पाठोपाठ गोळ्या आणल्या. १८४२ साली ते जाहिरातींवर वर्षाला ५,००० पौंड खर्च करीत होते. १८८३ साली ते वारले, तोवर हा खर्च वर्षाला ५०,००० पौंडांपर्यंत गेला होता. त्यांच्या औषधाच्या सूचना चिनी, तुर्की, अरबी आणि हिंदुस्थानातील बहुतेक देशी भाषांत छापल्या जात. लहानपणी मेंढ्या राखणारे टॉमस बीचम यांनीही असाच पसारा उभा केला. आपल्या डबीचे खरे मोल एक गिनी आहे, असे ते जाहिरातीत सांगत आणि ती एक शिलिंग दीड पेन्सला विकत. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ‘गुप्त औषधे’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक काढून अनेक प्रसिद्ध औषधांचे पृथक्करण छापले. बीचमच्या गोळीत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण एवढेच निघाले. डबीतील सगळ्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा होती. विक्रीची किंमत तिच्या शंभर पटींहून अधिक भरते.

येथे एका शब्दाची गंमत सांगितली पाहिजे. या औषधांना सर्रास ‘पेटंट औषधे’ म्हणत. पेटंट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘उघडे’ असा आहे. राजा एखाद्याला हक्क देई तो उघड्या पत्राने, सर्वांना वाचता यावा असा. आणि शोध लावणाऱ्याने आपली कृती जगापुढे मांडावी, हाच त्या हक्काचा मोबदला असे. परंतु या औषधांपैकी बहुतेकांनी असा हक्क कधी घेतलाच नाही, कारण तो घ्यायचा तर बाटलीत काय आहे ते सांगावे लागले असते. त्यांनी नाव, वेष्टन आणि सही तेवढी राखून ठेवली. त्यातच इंग्लंडचे सरकार प्रत्येक बाटलीवर कराचे तिकीट चिकटवी, आणि भोळा ग्राहक ते तिकीट म्हणजे सरकारची हमी समजे. अशा रीतीने ज्या शब्दाचा अर्थ ‘उघडे’, तो शब्द सगळ्यांत झाकलेल्या वस्तूचे नाव होऊन बसला.

औषधविक्रेत्यांच्या बरोबरीने जाहिरातबाज डॉक्टरांचाही सुळसुळाट झाला. १८५८ च्या कायद्याने इंग्लंडात डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली; पण नोंद नसलेल्याने उपचार करू नयेत, अशी बंदी त्या कायद्यात नव्हती. म्हणून मोठमोठ्या पदव्या लावून टपालाने सल्ला देणारे ‘तज्ज्ञ’ निपजले. त्यांची पद्धत ठरलेली असे. प्रथम एक मोफत पुस्तिका पाठवायची; तीत थकवा, विसराळूपणा, झोप न लागणे अशी कोणालाही लागू पडतील अशी लक्षणे द्यायची; ती वाचून माणूस धास्तावला, की उपाय त्याच पत्त्यावर तयार. तरुण वयातील लाजेचा आणि अपराधी भावनेचा या लोकांनी फार मोठा बाजार मांडला. लाजलेला रुग्ण घरच्यांना सांगत नाही, आणि फसला तरी तक्रार करीत नाही, हे ते पक्के जाणून होते.

ही लाट आपल्याकडे येण्यास वेळ लागला नाही. जामनगरच्या वैद्यशास्त्री मणिशंकर गोविंदजी यांच्या ‘आतंकनिग्रह’ गोळ्यांच्या जाहिराती देशभरच्या वृत्तपत्रांत झळकत, आणि त्यांचीही मोफत पुस्तिका असे. मुंबईच्या बाटलीवाला कंपनीचे हिवतापावरचे मिश्रण आणि गिरगावातील डोंगरे यांचे बालामृत ही नावे जुन्या पिढीला तोंडपाठ होती. जाहिरात केलेले प्रत्येक औषध लबाडीचेच होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १८९३ साली मुंबईत निघालेले अमृतांजन हा डोके चोळण्याचा साधा बाम होता. तो दुखरे कपाळ थोडे शांत करी, आणि आजही लोक तो वापरतात. तेव्हा जाहिरात करणे हे मुळात पाप नव्हे. दोष कोठे आहे, हे नीट शोधले पाहिजे.

आता आपल्या बारामती-इंदापूरकडे वळू. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे हे कमी पावसाचे तालुके. १८७६ ते ७८ चा दुष्काळ या भागाने सोसला. पुढे १८८० च्या दशकात नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी येथील रानांत खेळू लागले आणि ऊस आला. कालव्याने अन्न दिले, हे त्याचे उपकार मोठेच. पण जेथे पाणी पाझरून साचते तेथे डासही वाढतात, आणि डासाचा हिवतापाशी काय संबंध आहे हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवले ते १८९७ साली. इंदापूर पुण्याहून सुमारे १३५ किलोमीटर दूर. बारामतीला दौंडहून रेल्वे आली ती १९१४ साली. खेड्यातल्या आजाऱ्याला डॉक्टर गाठणे म्हणजे बैलगाडीत अंग हादरवीत कोसच्या कोस जाणे. टपाल मात्र खेडोपाडी पोहोचत होते. वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याची व्ही. पी.ची सोय हिंदुस्थानात १८७७ साली सुरू झाली होती. ज्या घरी डॉक्टर येऊ शकत नव्हता, त्या घरी बाटली येऊ शकत होती.

याच टपालाने एक दुसरे औषधही खेड्यात नेले, हे सांगितलेच पाहिजे. १८९२ साली बंगालमध्ये सरकारने पोस्टातून एका पैशाला क्विनीनची पुडी विकण्यास आरंभ केला आणि ही योजना पुढे इतर प्रांतांत पसरली. पुडीत काय आहे, किती आहे, कोणत्या तापावर आहे, हे सारे उघड होते. क्विनीन कडूजहर, त्याने कानांत दडे बसत, ते सर्व रोग घालवील असे कोणी म्हणत नव्हते. त्याच पोस्टमनच्या त्याच पिशवीत एकीकडे ही एका पैशाची कडू पुडी आणि दुसरीकडे सुंदर वेष्टनातील महाग बाटली! आजाऱ्याचा हात कोणत्या वस्तूकडे आधी जातो, हे वाचकांना सांगायला नको.

आता या धंद्याच्या बाजूने जे बोलले जाते, तेही न्यायबुद्धीने ऐकू. पहिले म्हणणे असे, की लोकांना गुण येत होता. काही औषधांनी खरोखर येई. हिंदुस्थानातील फौजेत डॉक्टर असलेल्या जॉन कॉलिस ब्राऊन यांनी पटकीसाठी १८४८ साली क्लोरोडाइन तयार केले. अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क त्यात असे. जुलाब थांबत, कळ थांबे, झोप लागे. परंतु कित्येकांना त्याचे व्यसन जडले आणि काहींनी प्राणही गमावले. अमेरिकेतील एका प्रसिद्ध ‘शामक सरबतात’ मॉर्फिन होते आणि ते दात येणाऱ्या मुलांना पाजले जाई. हे वाचून आपण परक्यांना नावे ठेवू नयेत. आपल्याकडेही बाळागोळी होतीच. कापडगिरण्यांत किंवा रानात मोलमजुरीला जाणारी आई मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून अफूची ही गोळी त्याला देत असे. त्या आईला दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. मूल शांत झोपले, एवढेच तिला दिसत होते. ज्याने गोळी विकली त्याला मात्र त्या झोपेचा अर्थ ठाऊक होता. ‘गुण आला’ ही साक्ष म्हणूनच अपुरी आहे. कशाने आला आणि त्याचे मोल शरीराने काय दिले, हे कळल्याशिवाय ती साक्ष पुरी होत नाही.

दुसरे म्हणणे अधिक विचार करण्याजोगे आहे. समजा, बाटलीतले औषध अगदी अस्सल आहे. मग ते गुप्त ठेवले तर काय बिघडले? याचे उत्तर सतराव्या शतकातील एका घटनेत मिळते, आणि तिचा संबंध आपल्या चर्चच्या इतिहासाशीही आहे. सिंकोना झाडाची तापहारक साल दक्षिण अमेरिकेतून युरोपात आणण्यात येशूसंघीय मिशनऱ्यांचा मोठा हात होता. म्हणून तिला ‘जेझुइटांची पूड’ म्हणत. प्रॉटेस्टंट इंग्लंडात केवळ नावामुळेच पुष्कळ लोक तिच्यापासून दूर राहात. रॉबर्ट टालबोर नावाच्या गृहस्थाने या भीतीचा लाभ घेतला. जेझुइटांच्या पुडीपासून सावध राहा, असे तो लोकांना सांगे आणि आपले गुप्त औषध देई. त्याने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा ताप घालवला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने मोठी रक्कम देऊन त्याचे गुपित विकत घेतले. १६८१ साली टालबोर वारला आणि पुढच्या वर्षी ते गुपित छापून प्रसिद्ध झाले. त्याच्या औषधाचा गाभा होता सिंकोनाची साल, तीच जेझुइटांची पूड! औषध खरे होते. पण तेच औषध उघडपणे आणि स्वस्तात घेऊ शकले असते अशा किती गरिबांना त्याने भीती घालून दूर ठेवले असेल? अस्सल वस्तूही लपवून विकली, तर ती सत्याच्या विरोधात जाते, एवढे या घटनेवरून दिसते.

क्रयविक्रयाच्या नीतीचा विचार संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात केला आहे. मालातला दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे काय, असा प्रश्न ते करतात. एका डोळ्याचा घोडा असेल तर तो दोष उघड दिसतो. तो सांगितलाच पाहिजे असे नाही. पण दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याला नुकसान किंवा धोका होणार असेल, तर तो सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, असा त्यांचा निर्णय आहे. आपल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. जनावरांच्या बाजारात तो बैलाचे दात मोजतो, खूर पाहतो, दोन पावले चालवून बघतो. आणि मगच व्यापाऱ्याच्या हातात हात देतो. हाच चतुर माणूस आजारी पडला, की बंद बाटलीपुढे निरुपाय होतो. तिचे दात मोजता येत नाहीत. दुखण्याने त्याची परीक्षा करण्याची ताकद आधीच हिरावून घेतलेली असते. म्हणून बैलाच्या व्यापाऱ्याहून औषधाच्या व्यापाऱ्यावर सत्याचे ऋण अधिक आहे. घेणारा जितका दुबळा, तितके देणाऱ्याचे कर्तव्य मोठे.

तिसरे समर्थन दानधर्माचे. हॉलोवे यांनी आपल्या संपत्तीतून मनोरुग्णांसाठी भव्य रुग्णालय उभारले आणि स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी कॉलेज स्थापन केले. त्या कॉलेजचे उद्घाटन १८८६ साली खुद्द राणीने केले आणि ती संस्था आजही नावाजलेली आहे. त्यातून शिकलेल्या मुलींच्या पिढ्या हे निश्चितच चांगले फळ होय. तथापि ज्या गरिबाचे शिलिंग त्या इमारतीत गेले, त्याचे ते शिलिंग परत मिळाले नाही. दान आणि परतफेड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे चर्च पूर्वापार शिकवत आले आहे. ज्याचे घेतले त्याला ते देण्याची जबाबदारी तिसऱ्याच कोणाला उदारपणे दिल्याने फिटत नाही.

मग खरा वैद्य कोणाला म्हणावे? याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात एका विचित्र तापाचे रुग्ण आढळू लागले. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ताप ग्रंथिक प्लेगचा आहे, असे स्पष्ट सांगितले. ही बातमी कोणालाही नको होती. व्यापाऱ्याला नको, सरकारला नको, लोकांनाही नको. त्यांनी ती सांगितली, आणि रोगाशी झुंजताना ते मागे हटले नाहीत. त्यांचा पुतळा मुंबईत धोबी तलावाजवळ उभा आहे. त्याच साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबात मुलकोवाल येथे एका दूषित बाटलीतील लस टोचल्यामुळे १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. चौकशी झाली, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले, आणि कैक वर्षांनी ते निर्दोष ठरले. त्यांच्यावर अन्याय झाला, हे खरे. पण यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या औषधाची चौकशी होऊ शकली. कोणती बाटली, कोणती तारीख, कोणी टोचली, हे सारे तपासता आले. गुप्त औषधाने माणूस मेला, तर तो आपल्या रोगाने मेला असेच म्हणतात, आणि बाटली निर्दोष राहते.

प्रामाणिक औषधही चुकते. प्रामाणिक डॉक्टरच्या हातूनही रुग्ण दगावतो. तेव्हा औषध निष्फळ ठरणे हा या धंद्याचा मुख्य दोष नव्हे. नफा मिळवणे हाही नव्हे. डॉक्टरलाही घरदार असते. मुख्य दोष हा, की आजाऱ्याचा प्रश्न विचारण्याचा हक्कच येथे काढून घेतला जातो. खरा वैद्य आशा देतो, पण त्या आशेबद्दल तो उत्तरदायी असतो; उद्या रुग्ण त्याच्या दारात उभा राहून विचारू शकतो, की गुण का आला नाही? जाहिरातीतील आशेला दारच नसते. आणि जी आशा कोणालाही उत्तर देत नाही, तिला आशा म्हणावे की भुरळ?

शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्राव असलेली स्त्री वाचकांना आठवत असेल. अनेक वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ हाल सोसले, जवळचे होते नव्हते ते खर्च केले, आणि तिचे दुखणे उलट वाढले, असे संत मार्क सांगतात. परंपरेने ज्यांना वैद्य मानले जाते ते संत लूक हीच घटना सांगताना ‘दुखणे वाढले’ हे मात्र सांगत नाहीत! आपल्या व्यवसायबंधूंना त्यांनी थोडे सांभाळून घेतले की काय, असे कोणी गमतीने म्हणतात. मला त्या प्रसंगात दुसरेच काही दिसते. ती स्त्री गर्दीत लपून येते. तिला लाज वाटते, भय वाटते. प्रभू तिला बरी करतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. तो तिला पुढे बोलावतो, तिची सगळी हकीकत ऐकून घेतो आणि तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो. लाज आणि भय यांच्या जोरावर माल विकणारा रुग्णाला अंधारात ठेवतो. प्रभू तिला उजेडात उभे करतो.

आता एक गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

वीस-एक वर्षांपूर्वी माझे गुडघे फार दुखत असत. शाळेत दिवसभर उभे राहणे कठीण झाले होते. दर महिन्याला एका ठरावीक दिवशी एक वैद्य बारामतीतील लॉजवर येतात आणि सांधेदुखी मुळासकट घालवतात, असे छापील पत्रक वर्तमानपत्रातून घरी आले. मी गेलो. त्यांनी पुड्या दिल्या. आत काय आहे, असे मी विचारले. ‘सर, ती आमच्या घराण्याची विद्या आहे,’ ते हसून म्हणाले. आठ दिवसांत मी जिना चढू लागलो. आनंदाच्या भरात त्यांनी मागितले तसे पत्र मी लिहून दिले, फोटोही दिला. पुढच्या पत्रकावर माझा फोटो, नाव आणि ‘निवृत्तीस आलेले शिक्षक’ अशी ओळख छापून आली. खोटे कशाला सांगू, ते पाहून मी सुखावलो होतो.

तीन महिन्यांनी माझा चेहरा सुजला. दवाखान्यात डॉक्टरांनी पुड्या ताबडतोब बंद करायला लावल्या. लक्षणांवरून त्यांना स्टेरॉइडचा संशय होता. खरे काय होते, ते आजही मला ठाऊक नाही; कारण बाटली असो की पुडी, ती बंदच होती. मी बरा झालो आणि तो विषय विसरलो. वर्षभराने इंदापूर तालुक्यातील माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याची आई, जिला मी मावशी म्हणत असे, माझा फोटो पाहून त्या वैद्यांकडे गेली होती. तिला मधुमेह होता. पुड्या सुरू असताना साखर भडकली, पायाची जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. मी तिला भेटायला गेलो. तिने चहा करायला लावला आणि म्हणाली, ‘सर, तुमचा फोटू होता म्हणून घेतलं बघा. तुम्ही का खोटं सांगताय?’ त्या शब्दांत दोष देणे नव्हते. तिचा माझ्यावर अजूनही विश्वास होता, आणि तेच मला सहन होईना.

मी पापनिवेदनाला गेलो. मी खोटे बोललो नव्हतो, गुण आला होता तेच लिहिले होते, असे मी फादरांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘सूज आल्यावर दुसरे पत्र लिहिलेत काय?’ मी गप्प राहिलो. ‘पहिला कागद अजून गावोगाव फिरतो आहे,’ एवढेच ते म्हणाले. त्यानंतर मी त्या वैद्यांकडे माझे नाव काढून टाकण्याची लेखी मागणी केली, स्थानिक साप्ताहिकात खुलासा दिला, ओळखीच्या घरी जाऊन सांगितले. मावशीची बोटे काही परत आली नाहीत.

व्हिक्टोरियन काळातील त्या औषधांच्या जाहिरातींत शेकडो कृतज्ञ पत्रे छापलेली असत. त्यांतील बनावट किती असतील ती असोत. पण पुष्कळ पत्रे माझ्यासारख्या सज्जन माणसांनी मनापासून लिहिली असणार. लबाड विक्रेता एकटा कधीच पुरा पडत नाही. त्याला भल्या माणसाचे नाव लागते, आणि वृत्तपत्राचे पान लागते. ‘गुप्त औषधे’ उघड करणाऱ्या त्या पुस्तकाची जाहिरात घेण्याचे अनेक इंग्रजी वृत्तपत्रांनी नाकारले, कारण औषधवाल्यांचे उत्पन्न त्यांना सोडवत नव्हते. ब्रिटिश संसदेच्या समितीचा या धंद्यावरील अहवाल ४ ऑगस्ट १९१४ रोजी आला. त्याच दिवशी इंग्लंड महायुद्धात उतरले आणि अहवाल धूळ खात पडला.

आपल्या देशात औषधांसंबंधी कायदा १९४० साली झाला आणि आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ साली. कर्करोग, मधुमेह यांसारख्या ५४ विकारांवर खात्रीचा इलाज सांगणाऱ्या जाहिराती त्याने निषिद्ध ठरवल्या. ताईत-गंड्यांच्या चमत्कारी उपचारांनाही त्यात गाठले. तरीही २०२४ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणी पतंजलीसारख्या बड्या कंपनीला सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीनंतर वृत्तपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. आता पत्रकाची जागा मोबाईलने घेतली आहे. साखर मुळापासून घालवणाऱ्या काढ्याचा संदेश सकाळी येतो आणि दुपारपर्यंत आपणच तो दहा नातेवाइकांना पाठवतो. पूर्वी शिफारसपत्र लिहायला निदान शाई आणि सही लागे. आता बोटाचा एक स्पर्श पुरतो.

म्हणून या प्रश्नाचे उत्तर कायद्याबरोबर आपल्या घरातही शोधावे लागेल. आत काय आहे हे जो सांगत नाही, त्याचे औषध घेऊ नये, हे पहिले. ‘मला गुण आला’ आणि ‘हे औषध गुणकारी आहे’ या दोन वाक्यांमधले अंतर ओळखून बोलावे, हे दुसरे. आणि तिसरे सर्वांत कठीण. आपल्या ओळखीतला आजारी माणूस जाहिरातीकडे वळतो, तो बहुधा एकटा पडलेला असतो. त्याच्याबरोबर सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहायला कोणी नसते, डॉक्टरांची चिठ्ठी समजावून सांगायला कोणी नसते. त्या रिकाम्या जागेत बंद बाटली येऊन बसते. ती जागा आपण भरली, तर बाटलीला तेथे वाव उरत नाही.

मावशी आता हयात नाहीत. शेवटची काही वर्षे दर महिन्याला त्यांना दवाखान्यात नेण्याचे काम मी मागून घेतले होते. ती परतफेड नव्हती. दोन बोटांची परतफेड कशाने होणार? पण रांगेत बसल्या बसल्या त्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न माझ्याकडून कागदावर लिहून घेत, आणि आत गेल्यावर एकेक करून सगळे विचारीत.